हातखर्चाची ओळ : घरखर्चाच्या वहीत छोट्या आनंदाला जागा हवी

गेले काही महिने आम्ही काही मित्र-मैत्रिणी रविवारी वंदना झाल्यावर विहारातच थांबतो आणि एक साधे काम करतो. ज्यांना हवे असेल त्यांच्यासोबत बसून त्यांच्या घराचा महिन्याचा हिशेब मांडतो. आमच्यात कोणी अर्थतज्ज्ञ नाही. एक वही, एक पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि चहा एवढीच सामग्री.

जवळजवळ प्रत्येक वही सारखीच दिसते. भाडे, किराणा, दूध, गॅस, वीज, मुलांची फी, पेट्रोल, औषधे, भिशी, कर्जाचा हप्ता. खाली बेरीज. बेरीज उत्पन्नाच्या जवळ जाऊन थांबते, कधी पुढेही जाते. मग आम्ही एक प्रश्न विचारतो, "यात तुमच्या स्वतःसाठी काय आहे?" बहुतेक जण हसतात. एक ताई म्हणाल्या, "माझ्यासाठी वेगळं काय लागतंय? घरात आहे तेच माझं." थोड्या वेळाने, बाकीचे उठून गेल्यावर, त्याच ताई हळू आवाजात म्हणाल्या, "कधी कधी भाजी आणायला गेले की गजरा घेते. वहीत 'कोथिंबीर' लिहिते."

ही 'कोथिंबीर' आमच्या डोक्यातून जात नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या वहीत एका कमावत्या बाईला दहा-वीस रुपयांसाठी खोटे लिहावे लागते. त्यांच्या घरात कोणी दुष्ट नाही. त्यांचे पतीही असेच करतात, ते 'पेट्रोल' लिहितात. कॉलेजात जाणारी मुलगी 'झेरॉक्स' लिहिते. एका घरात तीन माणसे एकमेकांपासून छोटे छोटे आनंद लपवत आहेत आणि महिनाअखेरीस पैसे कुठे गेले हे तिघांनाही कळत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. घरखर्चाच्या वहीत प्रत्येक माणसाच्या नावाने हातखर्चाची एक ओळ असली पाहिजे. ती उधळपट्टी नाही, ती धम्माविरुद्ध नाही, आणि ती असल्याने बचत बुडत नाही, उलट टिकते. हे कसे, ते क्रमाने पाहू.

आपल्याला हा प्रश्न अवघड का वाटतो

इतरांसाठी हा निव्वळ पैशांचा प्रश्न असेल. आपल्यासाठी त्यामागे इतिहास आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात काही घटना नोंदवल्या आहेत. जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आलेली बातमी इंदूरजवळच्या गावांमधल्या बलाई समाजाची आहे. सवर्णांनी त्यांना नियम घालून दिले होते. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. दुसरी घटना जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. तेवढ्यावरून सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन धावून आला आणि अन्नाची नासाडी केली.

तूप, काठाचे धोतर, एखादा दागिना. या फार मोठ्या चैनीच्या गोष्टी नव्हत्या. पैसा त्यांचा स्वतःचा होता, कष्टाचा होता. तरीही तो स्वतःच्या आनंदासाठी खर्च करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना गरीब तर ठेवलेच, पण हातात चार पैसे आले तरी ते चांगल्या खाण्यावर, नीटनेटक्या कपड्यावर खर्च करायचे नाहीत हेही ठरवून दिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने सोडून स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले, त्यामागे हेच होते. आपण काय घालतो, कसे राहतो हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट आपल्या घरातल्या आदर्शांची. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईंची जयंती साजरी करतो. भाषणांत त्यांच्या त्यागाविषयी बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. पण त्या भाषणांतून अनेकदा एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो, की चांगल्या बाईने स्वतःसाठी काही मागू नये. रमाईंनी सोसलेली तंगी त्यांनी निवडलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादली गेली होती. ज्या परिस्थितीशी त्या झुंजल्या ती बदलावी म्हणून ती झुंज होती. आज पगार होणाऱ्या घरातल्या सुनेला गजऱ्याचे वीस रुपये लपवावे लागत असतील, तर त्याला रमाईंचा वारसा म्हणता येणार नाही.

बुद्धांनी गृहस्थाला काय सांगितले

"बौद्धांनी साधे राहावे, तृष्णा दुःखाचे मूळ आहे, मग चैनीसाठी वेगळी रक्कम कशाला?" हा प्रश्न आम्हाला तरुणांनीच विचारला. प्रश्न रास्त आहे. म्हणून आपण सुत्तांकडे जाऊ.

अंगुत्तरनिकायातले दीघजाणूचे सुत्त पाहा. कोलिय कुळातला दीघजाणू तथागतांकडे येतो आणि मोकळेपणाने सांगतो की आम्ही गृहस्थ आहोत, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, काशीचे चंदन वापरतो, फुलांच्या माळा घालतो, सोने-चांदी बाळगतो. आमच्यासारख्यांना या जन्मी आणि पुढेही हिताचे होईल असे काही सांगा. बुद्ध त्याला माळा फेकून दे असे म्हणत नाहीत. ते त्याला चार गोष्टी सांगतात. कष्टाने आणि कौशल्याने कमवावे, कमावलेले सांभाळावे, चांगल्यांची संगत धरावी आणि आवक-जावक ओळखून समतोल जीवन जगावे. या चौथ्या गोष्टीला पालीत 'समजीविता' म्हटले आहे. त्यासाठी दाखला दिला आहे तराजूचा. वजन करणाऱ्याला पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपली आवक किती आणि जावक किती हे कळले पाहिजे.

त्याच सुत्तात दोन्ही बाजूंच्या चुका सांगितल्या आहेत. आवक थोडी आणि राहणी मोठी, असा माणूस उंबराची फळे खाण्यासाठी झाड हलवून सगळी फळे पाडणाऱ्यासारखा. आणि आवक मोठी असून कंजूषपणे राहणारा माणूस उपासमारीने मरणाऱ्यासारखा. म्हणजे उधळणे ही जशी चूक, तशीच स्वतःला कोरडे ठेवणे हीही चूकच.

ही दुसरी चूक संयुत्तनिकायातल्या एका प्रसंगात आणखी स्पष्ट होते. श्रावस्तीतला एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. त्याची संपत्ती राजवाड्यात जमा करून राजा पसेनदी भर दुपारी बुद्धांकडे आला आणि म्हणाला, एवढे धन असून हा माणूस कण्या आणि आंबट पेज खायचा, तागाचे कपडे घालायचा आणि मोडक्या रथातून फिरायचा. बुद्धांनी त्या माणसाचे कौतुक केले नाही. ज्याने धनाने ना स्वतःला सुख दिले, ना आई-वडिलांना, ना बायको-मुलांना, ना नोकर-चाकर-मित्रांना, त्याचे धन निर्जन जागी असलेल्या तळ्यासारखे आहे, पाणी चांगले पण पिणारा कोणी नाही, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ आहे. सुखी करायच्या माणसांच्या यादीत पहिले नाव 'स्वतः'चे आहे, हे लक्षात घ्या.

सिगालोवाद सुत्तात तर बजेटच आहे. उत्पन्नाचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. आज पगारावर जगणाऱ्या, भाडे भरणाऱ्या घराला हे प्रमाण जसेच्या तसे लावता येणार नाही. पण तत्त्व लावता येते. प्रत्येक रुपयाला आधीच काम ठरवून द्यायचे, आणि त्या कामांच्या यादीत उपभोग हाही एक मानाचा भाग.

अनाथपिंडिकाला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असण्याचे सुख, धन उपभोगण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. शेवटचे सुख सर्वांत श्रेष्ठ, पहिली तीन मिळूनही त्याच्या सोळाव्या भागाइतकी नाहीत. हा क्रम विसरायचा नाही. पण उपभोगाचे सुख यादीतून काढलेले नाही, हेही विसरायचे नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धांच्या आवडी-निवडींवर एक भाग लिहिला आहे. त्यात बुद्धांना दारिद्र्य आवडत नव्हते, हाव आवडत नव्हती आणि सौंदर्याची आवड होती, या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. आपल्या वहीचा मार्ग या तिन्हींच्या मधूनच जातो.

छोटा आनंद कशाला म्हणायचे

येथे गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही तीन कसोट्या लावतो.

पहिली, तो या महिन्याच्या पैशांत बसतो. त्यासाठी हप्ता, उसनवार किंवा क्रेडिट कार्ड लागत असेल तर तो छोटा आनंद नाही. अठरा हजारांचा मोबाइल 'फक्त पंधराशे रुपये महिना' असला तरी ते वर्षभराचे कर्ज आहे. घ्यायचाच असेल तर त्याची चर्चा सगळ्या घराने करायची.

दुसरी, तो झाल्यावर पश्चात्ताप नसतो. मित्रासोबत तर्री-पोहे, एक पुस्तक, गजरा, मॅटिनी शो, चित्रकलेची वही, क्रिकेटच्या चेंडूची वर्गणी, आजीला आवडणारी सीताफळे. हे करून कोणाचे नुकसान होत नाही.

तिसरी, तो थांबवता येतो. या महिन्यात नाही घेतला तरी हात थरथरत नाहीत. जे थांबवता येत नाही ते व्यसन. त्याला आनंदाच्या यादीत जागा नाही.

एका घराची वही

आता आकड्यांत पाहू. समजण्यासाठी नागपूरकडचे चौघांचे घर धरू. पती खासगी नोकरीत, पगार २४,००० रुपये. पत्नी घरी शिलाई करते, सरासरी ८,००० रुपये. मुलगी कॉलेजात, सोबत सासूबाई. एकूण आवक ३२,००० रुपये.

घरभाडे ६,५००. किराणा, दूध, भाजी ९,०००. वीज, गॅस, मोबाइल रिचार्ज २,८००. शिक्षण ३,५००. प्रवास आणि पेट्रोल २,५००. औषधे १,२००. ही झाली रोजच्या जगण्याची बेरीज, २५,५०० रुपये. उरले ६,५००.

या ६,५०० मधून पहिला वाटा धम्मकार्याचा. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मासाठी द्यावा असे सांगितले होते. ३२,००० चा विसावा भाग १,६०० रुपये. तो शेवटी उरले तर द्यायचा नाही, आधी बाजूला काढायचा. उरले ४,९००.

दुसरा वाटा वर्षात ठरलेल्या वेळी येणाऱ्या खर्चांचा. १४ एप्रिल, जूनमधली फी आणि दप्तर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, नात्यातले एखादे लग्न. हे खर्च अचानक येत नाहीत, तारखा ठरलेल्या असतात, तरी दरवर्षी उसने काढून भागवले जातात. महिन्याला १,५०० बाजूला टाकले तर वर्षाला १८,००० जमतात. उरले ३,४००.

तिसरा वाटा अडचणीसाठी. २,२०० रुपये, बँकेच्या किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. वर्षाला २६,४०० रुपये. तीन महिन्यांच्या जगण्याइतकी, म्हणजे ७६,५०० रुपयांची शिल्लक व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतील. वेळ लागतो, पण होते.

राहिले १,२०० रुपये. चौघांना प्रत्येकी ३०० रुपये हातखर्च. एकूण आवकेच्या शंभरातले पावणेचार रुपये.

"हे १,२०० पण बचतीत टाका ना, शिल्लक लवकर होईल." असे म्हणणारे नेहमी असतात. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. हातखर्चाची ओळ काढून टाकली म्हणून चहा, गजरा, पाणीपुरी थांबत नाही. तो खर्च किराण्याच्या, पेट्रोलच्या ओळीत लपतो आणि लपलेल्या खर्चाला मर्यादा नसते. किराणा २५ तारखेला संपतो, मग आवर्ती ठेवीचा हप्ता चुकतो किंवा शेजारून हजार रुपये घेतले जातात. दोन-तीन महिने असे झाले की माणूस म्हणतो, "आपल्याच्याने हिशेब होत नाही," आणि वही बंद होते. बंद झालेल्या जितक्या वह्या आम्ही पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक फार कडक होत्या, सैल नव्हत्या. ओळ लिहिली की तीच तिची मर्यादा होते.

हातखर्चाचे नियम

रक्कम महिन्याच्या सुरुवातीला ठरते आणि हातात दिली जाते. यूपीआयने दहा-वीस रुपये जाताना जाणवत नाहीत, म्हणून शक्यतो रोख पाकिटात ठेवा किंवा त्यासाठी वेगळे खाते वापरा.

मोठ्या माणसांना रक्कम सारखी. कोण जास्त कमावतो यावर ती ठरत नाही. कमावणाऱ्याला ५०० आणि घर सांभाळणारीला १००, असे केले तर आपण घरात पुन्हा उतरंड रचली.

हिशेब विचारायचा नाही. हा नियम सर्वांत कठीण जातो. पण "कशावर घालवलेस?" हा प्रश्न आला की 'कोथिंबीर' परत आली.

संपले की संपले. पुढच्या महिन्यातून आगाऊ नाही, किराण्यातून नाही. उरले तर ते त्याच माणसाचे. दहा महिने साठवून ३,००० रुपयांची एखादी वस्तू घ्यायची असेल तर तो त्याचा निर्णय.

कोणाची ओळ आधी खोडली जाते

अडचण आली की आधी कोणाचा हातखर्च बंद होतो? आमच्या अनुभवात क्रम ठरलेला आहे. आधी आईचा, मग आजीचा, मग मुलीचा. मुलाचा आणि वडिलांचा शेवटी, किंवा होतच नाही. कारण त्यांचा खर्च बाहेर होतो आणि तो 'कामाचा' समजला जातो. टपरीवरचा चहा म्हणजे ओळखी, घरातल्या बाईचा गजरा म्हणजे हौस.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र महिलांच्या खात्यावर येऊ लागले. या योजनांविषयी राजकीय मते वेगवेगळी असू शकतात. आम्ही बायकांना एवढेच विचारतो, "त्या पैशांतले तुमच्या मनाने किती खर्च झाले?" उत्तर बहुतेक वेळा एकच, "फी भरली, सिलिंडर आणला." चांगल्याच कामाला गेले. पण काही घरांत ते पैसे येऊ लागल्यावर पतीने किराण्याचे पैसे तेवढेच कमी दिले, असेही आम्ही ऐकले. नाव तिचे, खाते तिचे, आणि तिच्या हाती आधी होते तेवढेच. म्हणून घरात येणारा प्रत्येक रुपया, कोणाच्याही नावाने आला तरी, एका वहीत मांडा आणि तिची हातखर्चाची ओळ तिच्या नावाने लिहा. घर चालवण्यासाठी ती पैसे देते, ते तिचे योगदान म्हणून दिसू द्या.

गळती कुठे आहे

वरच्या घरात आणखी एक खर्च धरू, जो कोणीच वहीत लिहीत नाही. रोजचा खर्रा. दिवसाला चाळीस रुपये धरले तर महिन्याला १,२००. चौघांचा मिळून हातखर्च तेवढाच आहे. एका माणसाच्या खर्ऱ्यात चार माणसांचे महिन्याचे छोटे आनंद जातात, आणि पुढे तोंडाच्या आजाराची भीती वेगळी.

अशा वेळी "हिशेब विचारायचा नाही" या नियमाचे काय? नियम तसाच ठेवायचा, फक्त खर्ऱ्याचे पैसे घरखर्चातून नाही, त्याच्या ३०० रुपयांतूनच. ते आठवडाभरात संपतील आणि खर्च किती होता हे पहिल्यांदा त्याला स्वतःला दिसेल. अनेकांना एवढ्यानेच जाग येते. ज्यांना येत नाही त्यांच्याशी वहीवरून भांडू नका, त्यांना व्यसनमुक्तीसाठी मदत मिळवून द्या. पंचशील आपण रोज म्हणतो, पाचवे शील कठीण जाणाऱ्या आपल्या माणसाला एकटे सोडायचे नसते. मोबाइलवरच्या पैशांच्या जुगारालाही हेच लागू. सिगालोवाद सुत्तात धन बुडवणारी सहा दारे सांगितली आहेत, त्यांत मादक पदार्थ आणि जुगार ही दोन्ही आहेत. अडीच हजार वर्षांत दारे बदलली नाहीत, फक्त ती खिशात आली.

क्रेडिट कार्डाचेही असेच. पूर्ण बिल वेळेत भरले तर प्रश्न नाही. 'किमान रक्कम' भरत राहिलात तर अनेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागते. मग दोनशे रुपयांचा आनंद कितीला पडला हे मोजायलाही उशीर होतो.

उत्पन्न कमी किंवा अनियमित असेल तर

"३२,००० वाल्यांचे ठीक आहे, आमचे काय?" हेही आम्हाला विचारले गेले. नाक्यावर उभे राहणारे, रिक्षा चालवणारे, घरकाम करणारे यांना महिन्याचा आकडा आधी माहीत नसतो. त्यांच्यासाठी हिशेब दिवसाचा करा. ज्या दिवशी काम मिळाले त्या दिवशी दहा रुपये एका वेगळ्या डब्यात. महिन्यात वीस दिवस काम मिळाले तर दोनशे रुपये. ते घरातल्यांनी वाटून घ्यायचे किंवा सगळ्यांनी मिळून एक संध्याकाळ घालवायची. काम नाही त्या दिवशी डब्यात काही टाकायचे नाही, पण डब्यातले किराण्यासाठी काढायचेही नाही. अन्न-औषधाची खरी वेळ आली तर अर्थातच काढायचे, आणि डबा पुन्हा सुरू करायचा.

कर्ज असेल तर? हप्ता आधी. बचत गटाचा, मायक्रोफायनान्सचा, कोणाचाही असो, तो चुकवून हातखर्च नाही. पण हातखर्च शून्यावरही आणू नका. ३०० चे १०० करा, ओळ राहू द्या. दोन-तीन वर्षांचे कर्ज फेडताना घरातल्या कोणालाच काही मिळत नसेल तर मधेच कोणीतरी कंटाळून मोठा खर्च करून बसतो आणि नवे कर्ज येते. कर्ज फिटले की हप्त्याची रक्कम लगेच बचतीच्या ओळीत टाका, ती रिकामी ठेवू नका.

कार्यकर्त्यांसाठी थोडे

चळवळीत काम करणाऱ्या तरुणांना एक वेगळाच अपराधभाव असतो. वस्तीत इतके दुःख असताना आपण सिनेमा पाहावा का? आम्हीही हे अनुभवले आहे. आमच्यातल्या काहींनी पगारातले जवळजवळ सगळे कार्यक्रमांवर घालवले, स्वतःसाठी काहीच ठेवले नाही, आणि दोन वर्षांत थकून बाजूला झाले. घरच्यांनीही चळवळीलाच दोष दिला. जो विसावा भाग न चुकता देतो, वीस वर्षे देतो आणि सोबत मित्रांबरोबर चहाही पितो, तो चळवळीला जास्त उपयोगाचा. विसावा भाग दिल्यावर उरलेल्या छोट्या आनंदाबद्दल लाज बाळगायचे कारण नाही. आणि विसावा भाग न देता "मी स्वतःची काळजी घेतो" असे म्हणायलाही जागा नाही. दोन्ही ओळी एकाच पानावर असू द्या.

या महिन्यापासून काय करायचे

येत्या रविवारी घरातले सगळे एकत्र बसा, मुलांसह. एक पान घ्या. आवक लिहा. जगण्याचा खर्च लिहा. मग विसावा भाग, वर्षाच्या खर्चाचा डबा, अडचणीची बचत. शेवटी प्रत्येकाचे नाव आणि त्यापुढे हातखर्चाचा आकडा. पन्नास रुपये असले तरी चालतील. नाव मात्र प्रत्येकाचे हवे. आकडा बसत नसेल तर कोणाच्या एकाच्या नावापुढे काट मारू नका, सगळ्यांचा सारखा कमी करा. तीन महिने असेच चालवा आणि मग पुन्हा बसून बदल करा.

त्या ताईंच्या घरी आम्ही हेच केले. त्यांचे पती आधी म्हणाले, "एवढ्याशा पैशाला ओळ कशाला?" मुलगी म्हणाली, "एवढेसेच आहेत तर लिहायला काय हरकत आहे, पप्पा?" ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी पेन घेतले आणि चौघांची नावे स्वतः लिहिली.

दोन महिन्यांनी ताई विहारात भेटल्या. वही सोबत आणली होती. बचतीचा हप्ता दोन्ही महिने गेला होता. त्यांच्या नावापुढे त्यांनी स्वतःच, कोणी विचारले नसताना, बारीक अक्षरात लिहिले होते, 'गजरा, २० रुपये'.

जय भीम! नमो बुद्धाय!